मेंढरांमागून आमच्या टेकडीपर्यंत

दिवाळीनंतर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जो तो कुठून ना कुठून परतलेला असतो. दुबई, केरळ, झालंच तर बाली. यंदा लिफ्टमध्ये मलाही विचारणा झाली, "देवधरबाई, आपण कुठे जाऊन आलात?"

"येवलेवाडीहून बावधनला," मी म्हणाले.

"त्यात काय जायचंय? गाडीने तासाभराचा रस्ता."

"मला चार दिवस लागले. मेंढरांमागून गेले."

पुढचे दोन मजले लिफ्टमध्ये शांतता होती. पुण्यातल्या पुण्यात केलेल्या प्रवासाचं वर्णन कुणी लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. पण माझ्या ओळखीतलं कुणीही या वाटेने गेलेलं नाही आणि जाण्याची शक्यताही नाही, तेव्हा लिहायला मी मोकळी आहे.

आधी जाण्याचं कारण सांगते. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. आमचं एक टेकडी मंडळ आहे आणि मी त्याची चिटणीस. टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. अकरा वर्षं आम्ही रोज सकाळी सहाला पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन वर जातो आणि लावलेल्या रोपांना पाणी घालतो. दर मे महिन्यात खड्डे काढायचे, पावसाळ्यात रोपं लावायची, उन्हाळाभर ती जगवायची. पुण्यात हा एक स्वतंत्र पंथच आहे म्हणा ना. मंडळाचे अध्यक्ष केळकरकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, एक गुडघा बदललेला आहे, आणि तरी त्यांचा कॅन दुसऱ्या कुणी उचललेला त्यांना चालत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर टेकडीच्या मागच्या उतारावर धनगरांची मेंढरं आली. मी धावत गेले आणि त्यांच्यातल्या एका बाईला चांगलंच फैलावर घेतलं. तिचं नाव मायाक्का, हे नंतर कळलं. माझं बोलून होईपर्यंत ती घोड्याच्या पाठीवरचं ओझं सारखं करत राहिली आणि मग म्हणाली, "चार दिस चाला आमच्यासंगं. मग काय लिवायचं त्ये लिवा."

यंदा खरोखरच लिहायची वेळ आली. मागच्या उताराला तारेचं कुंपण घालायचं मंडळाने ठरवलं. अर्जावर अध्यक्ष आणि चिटणीस अशा दोन सह्या लागतात. काकांची झाली होती, माझी राहिली होती. ती झाली की मेंढरांची वाट कायमची बंद. तीस वर्षं मी पेपर न वाचता गुण दिले नाहीत. गेल्या वर्षी मायाक्काने फोन नंबर दिला होता. तो लावला आणि विचारलं, "यंदा कधी निघताय?"

येवलेवाडी

बोपदेव घाट उतरून मेंढरं पुण्यात शिरतात ती येवलेवाडीत. कोथरूडहून बसने स्वारगेट, तिथून दुसरी बस, आणि मी सकाळी आठला त्यांच्या तळावर हजर. एका अर्धवट आखलेल्या प्लॉटिंगमध्ये सुताच्या जाळीचं कुंपण होतं, त्याला वाघर म्हणतात. आत दीडेकशे मेंढरं, बाहेर दोन घोडे, चार कोंबड्या आणि चुलीवर चहा. मेंढीच्या दुधाचा चहा मी पहिल्यांदाच प्याले. दाट असतो, वर तवंग येतो, आणि एक कप घेतला की दुपारपर्यंत पोटाची तक्रार नाही.

मायाक्काचा नवरा धुळाबा. बोलणं कमी, बघणं फार. बारामतीच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव आहे. दिवाळी झाली की तिथून निघायचं, ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचं, आणि जेठात परत. माझ्या पायातले पांढरे बूट त्याने पाहिले, पण काही बोलला नाही. कोथरूडात नव्या माणसाला पहिल्यांदा आडनाव विचारतात, मग गाव, मग मुलं कुठे असतात. या दोघांनी मला चार दिवसांत यातलं काहीही विचारलं नाही. मायाक्काने फक्त विचारलं, "भाकर तिखटाची खाता का साधी?"

प्लॉटिंगच्या पलीकडे उतार लागला आणि माझी पहिली फजिती झाली. समोर छान पिवळं गवत दिसलं म्हणून मी मधूनच चालू लागले. दहा पावलांत मोजे, परकर आणि साडीचा काठ कुसळांनी शिवून निघाला. धुळाबाने मेंढरं केव्हाच बाजूने वळवली होती.

"कुसळ पिकल्यावं त्यात मेंढरू घालायचं न्हाई," तो म्हणाला. "कातड्यात शिरतंय त्ये."

"आधी सांगायचं ना."

"तुमी मास्तरीण हाय म्हणून गप ऱ्हायलो."

मी दगडावर बसून कुसळं वेचत असताना तो मला गवतं दाखवत होता. हे पवन्या, हे मेंढरू आवडीनं खातं. हे कुसळी, भादव्यात खातं, आता नाही. मी तीस वर्षं मुलांना गवताळ प्रदेश शिकवले, ते सगळे परदेशातले. हाकेच्या अंतरावरचं गवत मला कुणीतरी नावाने दाखवावं लागत होतं, याची मला चांगलीच लाज वाटली.

संध्याकाळी तळ कात्रजच्या अलीकडे पडला आणि मी बस पकडून बिबवेवाडीला नणंदेकडे मुक्कामाला गेले. होय, रात्री मी गादीवर झोपत होते. मायाक्का म्हणाली, "बिऱ्हाड घरी अन् पाय आमच्यात, बरं हाय की." नणंदेने दार उघडलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "वहिनी, आंघोळ झाल्याशिवाय सोफ्यावर नको हं." चौसष्टाव्या वर्षी इतका मोकळा पाहुणचार मिळणं हेही भाग्यच.

कात्रज ते नऱ्हे

दुसऱ्या दिवशी बरोबर दशम्या, लिंबाचं लोणचं आणि पाण्याची मोठी बाटली घेतली. बाटलीचा मला वेगळाच उपयोग झाला.

आंबेगावच्या वरच्या अंगाला एक उतार आहे. त्याच्या पायथ्याशी म्हशींचे गोठे आहेत. त्या म्हशी बारा महिने त्याच उतारावर सोडतात, कारण दुसरीकडे जागाच उरलेली नाही. तिथे गवत असं नव्हतंच. तरवडाची झुडपं, घाणेरीच्या जाळ्या आणि मध्ये सगळीकडे गाजर गवत. जनावराने खाण्याजोगं सगळं खाऊन संपवलेलं, न खाण्याजोगं तेवढं माजलेलं. जमीन सारवून वाळलेल्या अंगणासारखी टणक होती. मी बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. ते आत न जिरता धूळ घेऊन सरळ खाली पळालं.

मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. सहीला कारण मिळालं होतं.

"हे बघा," मी धुळाबाला म्हणाले, "चराईने हे असं होतं. म्हणून कुंपण."

तो पुढे गेला. पलीकडच्या वळणावर एक उतार होता, तिथे गोठे नव्हते. पवन्या गुडघाभर. तिथे मेंढरं पसरली, दोन-तीन तास चरली, आणि पोटं अजून भरली नसतानाच त्याने ती पुढे हाकली. मी तिथेही पाणी ओतलं. गवताच्या बुडख्यांत ते गप्पकन नाहीसं झालं. बोटाने माती उकरली, तर वीतभर खाली लगेच मुरूम लागला. आमच्या टेकड्यांवर माती असते ती एवढीच, आणि ती गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली. 'जमिनीची धूप म्हणजे काय' हा दोन गुणांचा प्रश्न मी तीस वर्षं तपासला, पण त्याचं उत्तर हाताला लागलं ते त्या दिवशी.

"अजून चरली असती की," मी म्हणाले.

"शेंडं खाल्लं, बास," धुळाबा म्हणाला. "दुसऱ्या दिशी हितंच थांबलो तर मेंढरू मूळ खातंय. म्हून थांबायचं न्हाई. त्या म्हशींस्नी जायाला वाट न्हाई, म्हून तितं तसं झालंय."

मी हट्टी आहे, लगेच मान्य केलं नाही. म्हटलं, "तुमच्या मेंढरांच्या लोकरीतून गाजर गवताचं बी इकडून तिकडे जातच असेल ना?"

मायाक्का तिथेच एका कोकराचे पाय साफ करत होती. तिने खुरांतला वाळका चिखल नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यात बारीक काळपट बी होतं. "जातंय की," ती म्हणाली. "न्हाई कशाला म्हनू? पर गवताची वीण घट्ट आसल तितं त्ये रुजत न्हाई. उकरल्याली जमीन लागती त्येला."

हे उत्तर कुठल्याही पुस्तकात शोभलं असतं. मी ते डायरीत टिपलं. त्याचा रोख कुणाकडे आहे ते मात्र त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

धायरी, आणि नदीपलीकडे

तिसरा दिवस डांबराचा. नऱ्ह्यातून धायरी, तिथून नदीवरचा नांदेड गावचा पूल ओलांडून शिवणे. जिथे पूर्वी शेतं होती आणि खतासाठी शेतकरी मेंढरं बसवायला बोलवायचे, तिथे आता टॉवर उभे आहेत. एका सोसायटीचं फाटक उघडं दिसलं म्हणून आठ-दहा मेंढरं आत शिरली आणि त्यांनी लॉनचा ताबा घेतला. रखवालदार धावला, त्याच्या मागून एक गृहस्थ फोनवर चित्रण करत आले.

"हे आपलं आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"मेंढरं त्यांची, लॉन आपलं," मी म्हणाले. "मी नुसती पाहुणी."

"निदान पाहुण्यांनी तरी फाटक लावून घ्यायचं."

पुण्यात अपमानही असा इस्त्री करून मिळतो. मायाक्काने जीभ टाळूला लावून एक आवाज काढला आणि सगळी मेंढरं रांगेत बाहेर आली. गृहस्थांचं चित्रण तेवढ्यावरच आटोपलं.

दुपारी नदीकाठी बसून हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं प्यालो. माझं लिंबाचं लोणचं मायाक्काने चाखलं आणि "ग्वाड हाय" म्हणून बाजूला सारलं. मग मी विषय काढला. म्हटलं, टेकडीला कुंपण झालं तर तुम्ही कुठून जाल?

"हायवेच्या कडंनं. दुसरी वाट कुटं हाय?" ती म्हणाली. "मागच्या साली तुमी टेकडीवनं हाकललं, तवा तसंच गेलो. चांदणी चौकाच्या अलीकडं टँकर आला. गाभण मेंढी व्हती. तिला वाचवाया ह्ये मधी शिरलं, मेंढी गेली, ह्येंच्या पायावरनं चाक जायचं ऱ्हायलं एवढंच."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. धुळाबा नदीकडे बघत होता. गेल्या वर्षी त्यांना हाकलून मी घरी गेले होते, चहा केला होता आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'उतार मोकळा केला.' त्यावर बारा अंगठे आले होते. मी माडग्याची वाटी खाली ठेवली. मी तिला म्हटलं, "मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "तुमाला कसं म्हाईत असणार?" आणि भांडी घासायला उठली.

तरीसुद्धा एक सांगते. त्या संध्याकाळी घरी जाताना मी काही सही न करण्याचं ठरवलेलं नव्हतं. एका मेंढीसाठी अकरा वर्षांची झाडं वाऱ्यावर कशी सोडायची? यातून काहीतरी मधला मार्ग निघेल, कुंपणाला एखादं फाटक ठेवता येईल, असे विचार रिक्षात चालले होते. केळकरकाकांचा फोन आला, "बाई, सही राहिलीये. उद्या अर्ज द्यायचाय." मी म्हटलं, उद्या सकाळी भेटू.

समोरची टेकडी

चौथ्या दिवशी मेंढरं वारज्याच्या अंगाने वर चढली, ती आमच्या टेकडीच्या बरोबर समोरच्या टेकडीवर. मधे एक दरी आहे. या बाजूला मी कधीच आले नव्हते. आमचं मंडळ कोथरूडकडून चढतं, रोपापाशी वाकतं, पाणी घालतं आणि कोथरूडकडेच उतरतं. आमचा मागचा उतार समोरून कसा दिसतो, हे आमच्यातल्या एकानेही पाहिलेलं नाही.

मी धापा टाकत वर पोचले तेव्हा धुळाबा काठीवर हनुवटी टेकून दरीपलीकडे बघत होता.

"बाई, त्ये कुनाचं पीक हाय?"

"तिथे पीक कुठलं? ती आमची टेकडी."

"मग रांगा कुनी पेरल्या?"

मी चष्मा पुसला. समोरचा उतार कार्तिकातल्या गवताने पिवळा पडलेला होता आणि त्यावर हिरव्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. सरळ, सारख्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत. मला क्षणभर आनंदच झाला. आमची झाडं. मग लक्षात आलं की झाडं इतकी नाहीत. जगलेली झाडं उताराच्या वरच्या कडेला आहेत, सगळी उंदीरमारीची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, कारण तेवढ्या एकालाच जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून ते टिकलं, आणि त्याच्याखाली तर गवताची काडी नव्हती, नुसता वाळका पाला. खालच्या उतारावरची रोपं बहुतेक मेलेली आहेत हे मला चिटणीस म्हणून ठाऊक होतं. आम्ही दर वर्षी जुन्या रांगांशेजारी खड्ड्यांच्या नव्या रांगा काढतो.

मग हिरवं होतं ते काय? दरी उतरून पलीकडे चढायला मला अर्धा तास लागला. मायाक्का बरोबर आली.

पहिल्या खड्ड्यात वाळकी काडी होती आणि तिच्याभोवती कमरेएवढं गाजर गवत. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात गाजर गवत आणि शोभेच्या पिवळ्या कॉसमॉसची वाळलेली बोंडं. त्या फुलांचं बी आमच्यातल्याच कुणीतरी हौसेने टाकलं होतं. प्रत्येक खड्डा दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वीतभर मातीच्या टेकडीला आम्ही दोन-दोन फूट उकरलं होतं. मुळ्यांची वीण तोडली, खालचा मुरूम वर आणला, वरची माती उतारावर टाकली, ती पहिल्या पावसात वाहून गेली. त्याच्या खुणा ओघळ होऊन खाली गेलेल्या दिसत होत्या. मग खड्डे भरायला आम्ही नर्सरीतून माती आणि शेणखत आणलं, पोत्यांतून, स्वतःच्या पाठीवर. बी त्यातूनच आलं. आणि आसपासचं गवत वाळत असताना ते एकटं हिरवं राहिलं, कारण मेलेल्या काडीला पालवी फुटेल या आशेने आम्ही तिथे रोज सकाळी सहाला पाणी घालत होतो.

दोन खड्ड्यांमध्ये दहा फूट अंतर. टेप मी धरली होती. दहा फुटांच्या वर एक इंच गेलेलं मला चालायचं नाही.

मी एक झुडूप मुठीत धरून उपटलं. मग दुसरं. मायाक्काने माझं मनगट धरलं. "नुसत्या हातानं नगा. खाज सुटल." मी तशीच खाली बसले आणि मला रडू आलं. ती शेजारी बसली.

मग मी काकांना फोन केला. म्हटलं, टेकडीवर येऊ नका, रिक्षा करून समोरच्या टेकडीवर या, पाण्याच्या टाकीपर्यंत डांबरी रस्ता आहे.

आम्ही परत दरी चढून पोचेपर्यंत काका आलेले होते, हातात अर्जाची प्लास्टिकची फाईल. मेंढरं पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, हा काय प्रकार आहे? अर्ज द्यायचा सोडून आपण यांच्यात काय करताय?"

"काका, आधी समोर बघा."

त्यांनी पाहिलं. शिक्षकाला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं, उत्तर केव्हा सापडलं ते. त्यांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढत होते, सरळ रेघ त्यांना सांगावी लागत नाही. मी एकेक सांगत गेले, गोठ्याचा उतार, पवन्याचा उतार, खड्डे, माती, पाणी. ते मधे एकदाच बोलले. "टेप आपली होती."

"हो. आणि खत आपण निवडलं होतंत."

आम्ही दोघं टाकीच्या कट्ट्यावर बसलो. धुळाबा मेंढरं थांबवून उभा होता. पुढे जायचं की हायवेला वळायचं, हे आमच्याकडून कळल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"पाणी घालणं बंद करायचं म्हणता," काका म्हणाले. "खड्डे बंद. मग बाई, मी रोज सकाळी सहाला कुठे जाऊ?"

काकू गेल्यापासून काकांच्या घरात दुसरं कुणी नाही. मंडळात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. मी म्हणाले, "तिथेच यायचं. फुलावर येण्याआधी गाजर गवत मुळासकट काढायचं, उंदीरमारीची पिलं काढायची, गवत आपोआप सरकतंय का ते बघायचं. अकरा वर्षांचं काम आहे. जास्तच असेल."

"मला वाकता येत नाही."

"मी वाकेन. तुम्ही रांगा मोजा."

ते थोडे हसले. या लेखानंतर मंडळाच्या ग्रुपवर माझं काय होणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. तिघांनी आताच 'मेंढपाळांच्या वकीलबाई' म्हणून हाक मारायला सुरुवात केली आहे. मारू देत. त्यांना मी रिक्षाने समोरच्या टेकडीवर नेणार आहे, एकेकाला.

काकांनी फाईल उघडली, अर्ज बाहेर काढला, त्याची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. माझ्याकडे सही मागितली नाही. मग धुळाबाकडे पाहून नुसता हात पुढे केला, टेकडीच्या दिशेने. धुळाबाने मेंढरं सोडली. ती दरीत उतरली, पलीकडे चढली आणि रांगांमधून पसरत वर गेली.

मायाक्का घोडा घेऊन सगळ्यांत शेवटी निघाली. काका कट्ट्यावरून उठले. एक पाय ताठ ठेवूनच उठावं लागतं त्यांना.

"आपण परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

तिला कुणी आपण म्हटल्याची सवय नसावी. तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

"जेठात. पाऊस लागायच्या आधी."

"या," काका म्हणाले. "वाट असेल."